जातमुचलका

न्यायालयाच्या मराठीत एक शब्द आहे : जातमुचलका. आरोपीने स्वतःच्या नावाने लिहून दिलेला हमीचा कागद म्हणजे जातमुचलका. ह्या शब्दातली 'जात' आपली जात नव्हे. ती अरबी-फारसीतून आलेली. तिचा अर्थ स्वतः, व्यक्ती. 'जातीने हजर राहावे' असे आपण म्हणतो त्यातली जात तीच. कोशाच्या दृष्टीने हे सारे स्वच्छ आहे. परंतु गेली पंचवीस-तीस वर्षे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांच्या व्हरांड्यांत अधूनमधून उभे राहिल्यावर माझ्या मनात ह्या दोन जाती वेगळ्या राहिलेल्या नाहीत. तिथे माणसाला विचारतात : तू कुठला? तुझ्या नावावर काय आहे? तुझ्यासाठी कोण उभा राहील? आमच्या आज्याला गावच्या चावडीवर हेच तीन प्रश्न विचारले जात. प्रश्न तेच, फक्त चावडीला खुर्च्या आल्या आहेत.

मला ह्या लेखात मांडायचे आहे ते एवढेच. गंभीर गुन्ह्याचा आरोप आलेल्या आपल्या माणसाचा खरा निवाडा जामिनाच्या सुनावणीत होतो. निकाल पुष्कळ वर्षांनी येतो. तो येईपर्यंत घर मोडलेले असते, नाही तर कुणाच्या तरी दावणीला बांधलेले असते. आणि ह्या सुनावणीकडे मराठी साहित्याने, त्यात आपल्या साहित्यानेही, जवळजवळ पाठच फिरवली आहे.

मराठी रंगभूमीला न्यायालय प्रिय आहे. साक्षीदाराचा पिंजरा, उलटतपासणी, शेवटच्या अंकात रहस्याचा उलगडा आणि मग निकाल हा साचा प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला आहे. विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' ह्या १९६७ च्या नाटकात अभिरूप न्यायालय मांडून ह्याच साच्याने पांढरपेशा समाजाचा मुखवटा फाडला हे मान्य केले पाहिजे. पण तिथेही नाटक निकालापर्यंत चालत जाते. निकालावर असा विश्वास ठेवणारा समाज कोणता? ज्याच्यापाशी निकाल लागेपर्यंत जगण्याची तरतूद आहे तो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याच्या दृष्टीने न्यायालयातली सगळ्यात मोठी घटना 'तारीख' ही असते.

आता आपल्या पुस्तकांकडे पाहू. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे, 'उचल्या' १९८७ चे. ह्या आत्मकथनांनी मराठी वाचकाला जे दाखवले ते त्याने आधी पाहिले नव्हते. 'उचल्या'त पोलीस केव्हाही घरात शिरतात. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली ज्यांना कागदावर मुक्त केले, त्यांच्या घराला कडी नव्हती हे ह्या पुस्तकाने ठणकावून सांगितले. तुरुंगाच्या नियमावल्यांत कैद्यांना जातीप्रमाणे कामे वाटण्याची तरतूद घटनाबाह्य आहे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणे गैर आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. म्हणजे साहित्य न्यायालयाच्या कितीतरी पुढे होते. तरीही माझी तक्रार राहतेच. आपल्या साहित्यात पोलीस आहे, फटका आहे, कोठडी आहे. पण कोठडीतून बाहेर येण्याचा व्यवहार फारसा नाही. कुणी कुणाला सोडवले, कशाच्या बदल्यात सोडवले, त्या उपकाराचे पुढे काय झाले? वेदनेचे चित्र आपण समर्थपणे काढले. वेदनेचा हिशेब मात्र लिहिला नाही.

ह्या पार्श्वभूमीवर चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा मराठी चित्रपट मला महत्त्वाचा वाटतो. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यावर खूप लिहिले गेले; पण बहुतेकांनी न्यायव्यवस्थेच्या संथपणाबद्दल लिहिले. तो जामिनाचा चित्रपट आहे हे फारसे कुणी म्हटले नाही. नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर. मॅनहोलमध्ये उतरणारा एक सफाई कामगार मरतो, आणि कांबळेच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला मंचावरूनच उचलतात. पुढचे जवळजवळ सारे कथानक म्हणजे जामिनाचे अर्ज, विरोध, नकार, पुढची तारीख. सरकारी वकील बाई कायद्याची कलमे एका सुरात वाचत जातात. कुणी आवाज चढवत नाही, कुणी टेबलावर मूठ आपटत नाही. आपल्या माणसाचे आयुष्य अशाच सपाट सुरात ठरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा चित्रपट पाहताना घाम फुटतो.

नारायण कांबळे झाले होते नागपूरचे वीरा साथीदार, 'विद्रोही'चे संपादक आणि चळवळीतले कार्यकर्ते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले. पिंजऱ्यात उभे राहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे थकलेले शहाणपण आहे ते अभिनयशाळेत शिकवता येत नाही. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष हा तर चित्रपटाचा प्राण आहे. नवरा आत उतरण्यापूर्वी झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा; झुरळ आले म्हणजे आत हवा आहे. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. आत्महत्येचे त्याने कधी नाव काढले नव्हते. ही बाई मोजक्या, कोरड्या शब्दांत बोलते आणि तिच्या साक्षीनंतर कांबळेला जामीन मिळतो. रक्कम एक लाख रुपये.

ह्या ठिकाणी माझा चित्रपटाशी मतभेद सुरू होतो. कांबळेपाशी लाख रुपये नाहीत. त्याचा वकील विनय व्होरा सुखवस्तू घरातला, सहृदय माणूस आहे. तो पैसे भरतो. प्रश्न मिटला, कथा पुढे सरकली. चित्रपट वकिलाच्या घरी जातो, त्याची खरेदी दाखवतो. सरकारी वकील बाईंच्या स्वयंपाकघरात जातो. न्यायाधीशांच्या सुट्टीच्या सहलीलाही जातो. परंतु जामिनाची रक्कम उभी करण्याचा जो प्रवास कांबळेच्या वस्तीतून व्हायला हवा होता तो प्रवास इथे नाही, कारण एका भल्या माणसाने तो वाचवला आहे. जिल्ह्याच्या न्यायालयात असे व्होरा नसतात. तिथे जामिनाचा आदेश होतो तेव्हा सुटका होत नाही. तेव्हा शोध सुरू होतो. तो शोध मी केला आहे, म्हणून तो इथे थोडक्यात सांगतो.

१९९६ साली मराठवाड्यातल्या आमच्या गावाजवळ दरोडा पडला. पोलिसांनी आठ जण धरले, त्यांत माझा चुलतभाऊ. दरोड्याच्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे जामीन हा हक्क नाही, तो न्यायालयाच्या मर्जीचा भाग. खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. पाचव्या महिन्यात सत्र न्यायालयाने मंजूर केला : पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आम्ही वस्तीत पेढे वाटले. नाना, म्हणजे माझे चुलते, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "बाबा, तू कालेजात शिकवतूस. तुझं नाव चालंल का?"

माझे नाव चालले नाही. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. कायम पगाराचा दाखला नव्हता, भाड्याच्या खोलीत राहत होतो. कचेरीतल्या कारकुनाने सातबारा मागितला, घरपट्टीची पावती मागितली, तहसीलचा ऐपतीचा दाखला मागितला. नानांपाशी जमीन होती. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांच्या वडिलांनी गायरानाचा तुकडा नांगराखाली आणला होता, आणि तेव्हापासून आमचे लोक तो कसत होते. पण गायरानाच्या उताऱ्यावर नाव सरकारचे. म्हणजे तीस वर्षे घाम गाळलेल्या जमिनीवर माणूस पेरू शकतो, पण पोराला सोडवू शकत नाही. 'लायक' ह्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. लायक म्हणजे ज्याचे नाव उताऱ्यावर आहे तो.

न्यायालयाबाहेर भाडोत्री जामीनदार फिरत होते; त्यांचा दर आम्हाला परवडला नाही, आणि खोटेपणा उघडा पडला तर दुसरा गुन्हा, ही भीती होती. आदेश होऊन एकोणीस दिवस झाले तरी भाऊ आतच. शेवटी गावचा एक बागायतदार उभा राहिला. त्याने पैसा मागितला नाही. भाऊ बाहेर आल्यावर त्याच्या शेतावर सालगडी म्हणून राहील, साल इतरांपेक्षा कमी, आणि खटला संपेपर्यंत सोडून जायचे नाही, एवढेच ठरले. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली होती. ह्या करारात बेकायदा असे काही लिहिलेलेच नव्हते, कारण काहीच लिहिलेले नव्हते. खटला सातव्या वर्षी संपला. सगळे निर्दोष सुटले.

मी हे घरचे रडगाणे म्हणून सांगत नाही. असे प्रसंग कायद्याला ठाऊक नाहीत असे कुणी समजू नये. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि मोतीरामच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारले होते, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ह्या प्रकाराचा समाचार घेतला आणि गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. त्यानंतर फौजदारी संहितेत दुरुस्तीही झाली : अटकेनंतर आठवडाभरात जामीन देऊ न शकणाऱ्याला निर्धन समजावे आणि जामीनदाराविना सोडावे. पण ही सवलत जामीनपात्र गुन्ह्यांपुरती. आरोप गंभीर असेल तर दारिद्र्याचा विचार ही पुन्हा न्यायाधीशाच्या मनाची गोष्ट. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला की, जामीन मिळूनही सात दिवसांत जो सुटला नाही त्याची माहिती तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी, महिना उलटला तर अटी शिथिल करण्याचा विचार व्हावा, आणि स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरू नये. मोतीरामपासून पंचेचाळीस वर्षे झाली होती. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. ह्या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एकपंचमांश. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के.

जामीन द्यावा की नाही हे ठरवताना न्यायालय मुख्यतः आरोपाचे गांभीर्य पाहते आणि दोन भीती तपासते. आरोपी पळून जाईल का? आणि तो साक्षीदारांवर दबाव आणील का? पहिल्या भीतीचे उत्तर शोधताना 'समाजात मुळे आहेत का' असे विचारले जाते. घर, शेती, नातेवाईक, प्रतिष्ठा असेल तर मुळे खोल; असा माणूस पळत नाही. भटक्याला, ऊसतोड मजुराला, वीटभट्टीवरच्या कुटुंबाला मुळे कुठली? सहा महिने ह्या जिल्ह्यात, सहा महिने त्या जिल्ह्यात. तेव्हा तो पळण्याजोगा ठरतो. इथवरचा अन्याय पुष्कळांना दिसतो. परंतु त्याची दुसरी बाजू फारशी कुणी पाहत नाही. ज्या मुळांमुळे बागायतदार पळणार नाही असे न्यायालयाला वाटते, तीच मुळे फिर्यादीच्या आणि साक्षीदारांच्या घराखालून गेलेली असतात. पाण्याची मोट त्याची, मजुरी त्याची, किराणा दुकानाची उधारी त्याच्या शब्दावर, वस्तीकडे जाणारी वाट त्याच्या बांधावरून. एकच गोष्ट पहिल्या परीक्षेत गुण म्हणून मोजली जाते आणि दुसऱ्या परीक्षेत दोष म्हणून मोजायची राहून जाते. जामिनाच्या सुनावणीत जात शिरते ती इथे. न्यायाधीशाच्या मनात कसलाही दुजाभाव नसतानाही ती शिरते, कारण तिच्यासाठी दार कायद्यानेच ठेवले आहे.

ह्याचा दाखला मला लांब शोधायची गरज पडली नाही. १९९९ साली आमच्या गावात गायरानातल्या उभ्या जोंधळ्यात जनावरे घालण्यात आली. जाब विचारायला गेलेल्या आमच्या एका माणसाचा हात मोडला, जातीवरून शिव्या दिल्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यासाठी आम्ही तीन दिवस ठाण्यासमोर बसलो. चार आरोपी. त्यांतला एक त्याच बागायतदाराचा पुतण्या. अटकपूर्व जामीन ह्या कायद्यात नाही, म्हणून अटक झाली; पण अटकेनंतरचा जामीन अकराव्या दिवशी झाला. सातबारे तयार होते. आदेश सकाळी झाला आणि दिवेलागणीला चौघे गावात होते. वेशीतून गुलाल उधळत आले. वस्तीत कुणी पेढे वाटले नव्हते, पण पेढ्यांचा अर्थ सगळ्यांना कळला.

घटना शेजारच्या रानातून डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार माझा चुलतभाऊच होता. पोलिसांकडे त्याने जबाब दिला होता. न्यायालयात तो म्हणाला, मी काही पाहिले नाही. सरकारी वकिलाने त्याला फितूर घोषित केले. खटला पडला. त्यानंतरच्या एका जाहीर सभेत मी भाषण केले आणि फितुरांवर बोलताना, नाव न घेता, सगळ्यांना कळेल असे बोललो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत नाना बसले होते.

फौजदारी संहितेतल्या एका तरतुदीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. जामीनदाराला केव्हाही अर्ज करून आपली हमी काढून घेता येते. तसा अर्ज आला की न्यायालय आरोपीला पकडून आणवते आणि दुसरा जामीनदार द्यायला सांगते. तो मिळाला नाही तर कोठडी. जुन्या संहितेत ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. जामीनदाराच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण आमच्या गावात तिचा अर्थ असा झाला की, एका आरोपीच्या सुटकेची दोरी ज्याच्या हातात होती त्याच्याच पुतण्याविरुद्ध त्या आरोपीने साक्ष द्यायची होती. बागायतदाराने भावाला धमकी दिली असे भाऊ आजही म्हणत नाही. धमकीची गरजच नव्हती. दरोड्याचा खटला उभा होता, कागद त्याच्या सहीचा होता. काही वर्षांपूर्वी मी हा विषय त्याच्यापाशी काढला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "फितूर म्हणालास ते खरंच हाय. पर मग दुसरा जामीन कोण ऱ्हायला असता? तू?"

मी उत्तर दिले नाही. हा लेख हे ते उत्तर नव्हे. पण तो प्रश्न टाळून मला ह्या विषयावर लिहिता येणार नव्हते.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे २०१४ साली एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. २०१७ साली सारे आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार फितूर झाले. तिथल्या साक्षीदारांच्या घरची स्थिती मला ठाऊक नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण फितूर हा शब्द उच्चारताना मी आता अडखळतो. आपल्या समीक्षेनेही अडखळावे असे मला वाटते. नकार आणि विद्रोह ही आपली मूल्ये आहेत; परंतु ज्याला नकार परवडला नाही त्याला साहित्यात जागा कोणती? तो खलनायक नाही, नायकही नाही. त्याच्या मौनामागे कुणाची सही आहे हे शोधणे ही लेखकाची बांधिलकी आहे.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळतो. चळवळीतल्या बैठकांत तो टाळला जातो. २० मार्च २०१८ च्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली अटकपूर्व जामिनाची बंदी सैल झाली तेव्हा २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये मी फलक घेऊन चाललो. फलकावर मागणी होती : अटकपूर्व जामीन नको. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घातले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अपवाद राहील एवढे सांगितले. त्यानंतर काही महिन्यांनी मी दुसरा फलक धरला : शाहिरांना जामीन द्या. फलकाची काठी तीच होती. एका मित्राने मला विचारले, तुम्हा लोकांना जामीन हवा आहे की नको? प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता.

ज्या शाहिरांसाठी तो फलक होता त्यांची कथा पडद्यावरच्या नारायण कांबळेहून वेगळी नाही. चित्रपटात तो जामिनावर सुटतो, पुन्हा गातो, आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा पकडला जातो. न्यायालय उन्हाळी सुट्टीवर जाणार असते. वर अपील करा असे सांगून न्यायाधीश अर्ज नाकारतात. रिकाम्या दालनातले दिवे एकेक करून मालवतात. कबीर कला मंचाच्या सागर गोरखे आणि रमेश गायचोर ह्यांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये जामीन दिला आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा पकडले गेले. चित्रपट आधीचा, घटना नंतरची. २००८ साली ह्या कायद्यात घातलेल्या तरतुदीनुसार आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. आणि २०१९ च्या एका निकालाने पुराव्याची कसून छाननी करण्याची मुभाही जामिनाच्या टप्प्यावर ठेवली नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर एवढ्या कडक कायद्यातही जामीन देता येतो. त्याच वर्षी ५ जुलै रोजी आदिवासींसाठी आयुष्य वेचलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत मुंबईच्या रुग्णालयात वारले. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी शरण गेले आणि उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर २६ नोव्हेंबर २०२२ रोजी बाहेर आले. पहिली तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, दुसरी संविधान दिनाची. ह्यावर भाष्याची जरुरी नाही.

तेव्हा मित्राच्या प्रश्नाचे उत्तर काय? माझ्या मते दोन फलकांत विरोध आहे तो वरवरचा. अत्याचाराच्या खटल्यात आपले मागणे आरोपीला शिक्षेआधी कुजवण्याचे नसावे. तसे असेल तर ते सूडाचे आहे आणि ते आपल्याला शोभत नाही. आपले मागणे असे असावे की, आरोपीची मुळे कुठवर गेली आहेत ते न्यायालयाने जामिनाआधी आमच्याकडून ऐकावे. कायद्यात ही सोय आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या १५-अ कलमाने पीडिताला जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना मिळण्याचा आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. २०२१ साली राजस्थानातल्या एका खुनाच्या खटल्यात ही सूचना दिली नव्हती एवढ्याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा जामिनाचा आदेश रद्द केला. आमच्या वस्तीत ही सूचना कुणाला मिळते, मिळाली तर वाचता येते का, तारखेला जायचे तर त्या दिवसाची मजुरी कोण देतो, हे विचारायला हवे. दुसऱ्या फलकाचे मागणेही ऐकून घेण्याचेच आहे. शाहिराचे गाणे काय म्हणते ते आरोपपत्रातल्या सारांशावरून न ठरवता गाणे ऐकून ठरवा. दोन्हीकडे आपण एकच मागतो आहोत : आमचे बोलणे पुरावा म्हणून धरा.

१९४८ साली घटना समितीने योग्य प्रक्रियेचा आग्रह सोडून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द स्वीकारले. ती उणीव काही अंशी भरून काढावी म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. आजचे ते अनुच्छेद २२. अटकेची कारणे सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा राहिली, ही त्यातली वेदना आहे. पण चोवीस तासांत माणूस न्यायाधीशाच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे ह्या आग्रहामागे चावडीचा अनुभव असलेला माणूस उभा आहे, असे मला नेहमी वाटते.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे. जामिनाचे आदेश वाचा. ते दोन-तीन पानांचे असतात, भाषा रूक्ष असते. त्यांत शेवटच्या परिच्छेदात रक्कम असते, जामीनदाराची अट असते, गावात पाऊल न टाकण्याची अट असते. तिथून पुढची कथा न्यायालय लिहीत नाही. ती वस्तीत घडते. 'कोर्ट'मधला वकील त्या बाईला गाडीतून घरी सोडताना पैसे देऊ करतो आणि ती पैसे नाकारून काम मागते. तेवढ्या एका क्षणात तो चित्रपट त्या कथेच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परततो. आत जायचे काम आपले आहे.

माझ्या भावाच्या घरी आढ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली आहे. तिच्यात निर्दोष सुटल्याची नक्कल आहे, बागायतदाराच्या सहीच्या कागदाची नक्कल आहे आणि गायरानाच्या दंडाच्या पावत्या आहेत. पाऊस लागला की वहिनी ती पिशवी उतरवून पेटीत ठेवतात. अशी पिशवी ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती एकदा उघडावी आणि लिहायला बसावे.